बारा शब्द

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका प्रकरणातला पंचनामा दुसऱ्यात जातो, एकाचा चेहरा दुसऱ्याच्या नावाला चिकटतो. हे एक प्रकरण मात्र तसं मिसळत नाही. ते जसंच्या तसं समोर उभं राहतं आणि त्यातलं माझं काम आठवून मला अभिमान वाटत नाही. इथे मी कोणाचंच नाव देणार नाही. का देणार नाही, ते पुढे कळेलच.

मी तेव्हा पुण्याच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. आमची हद्द म्हणजे महापालिकेत नव्याने आलेली गावं. शेतांच्या जागी इमारती उठलेल्या, खाली गावकरी घरमालक आणि वर बाहेरून आलेले भाडेकरू. एका दुपारी अशाच एका घरमालकाचा फोन ठाणे अंमलदाराने माझ्याकडे जोडून दिला.

"सायेब, वरच्या मास्तरांच्या बायकोला कुणीतरी लई मारलंय. लवकर या. रगत थांबंना."

आम्ही पोचलो तेव्हा बाई शिलाई मशीनला टेकून जमिनीवर बसली होती. वय चाळीसच्या आसपास. उजव्या हाताला शेजारणीने ब्लाउजपीस गुंडाळलं होतं आणि ते पूर्ण भिजलं होतं. ती रडत नव्हती. आमच्याकडे बघून म्हणाली, "चपला बाहेर काढा, कपडे पडलेत लोकांचे." गिऱ्हाइकांची कापडं सगळ्या खोलीभर पसरली होती.

तिला दवाखान्यात पाठवून मी घर पाहिलं. कपाट उचकटलेलं, डबे पालथे, पुस्तकांची पानं फाडलेली, देवघरातल्या तसबिरींच्या मागचे पुठ्ठेसुद्धा सोलून काढलेले. पण कपाटातल्या पाटल्या जागेवर होत्या, आणि बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्रही तसंच होतं. सोनं समोर असताना ते न घेता गेलेला चोर मी तोवर पाहिला नव्हता.

आमच्या ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षकांनी दवाखान्यात जबाब घेतला. मी दाराशी उभा होतो. बाई मूळची विदर्भातली. एरवी पुण्याची भाषा बोलायची, पण वेदना वाढली की गावाकडची बोली वर यायची.

"दार का उघडलंत?" उपनिरीक्षकांनी विचारलं.

"गॅसच्या पाइपची तपासणी आहे म्हणाले. मी आधी साखळी लावूनच बोलत होते. पण त्यांनी माझं नाव घेतलं. ह्यांचं पूर्ण नाव घेतलं, मोबाईल नंबर सांगितला. मग परके कसं समजायचं?"

"काय मागत होते?"

"बारा शब्द."

"कसले शब्द?"

"मले काय माहीत, ताई? एकसारखं तेच. बारा शब्द कुठं लिहून ठेवलेत, बारा शब्द सांग. माहीत असते तर सांगून नसते टाकले का?" तिने पट्टीचा हात उशीवर घेतला. "बारा म्हटल्यावर मला महिनेच आठवले. चैत्र, वैशाख करत आषाढापर्यंत आले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करते आहे. मग एकाने माझा हात दाराच्या फटीत धरला आणि दुसऱ्याने दार लावलं. दोनदा."

उपनिरीक्षकांचं पेन थांबलं. मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

तिचा नवरा खासगी क्लासमध्ये गणित शिकवायचा. सगळे त्याला सर म्हणायचे. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा, हळू बोलणारा माणूस. क्लासमधून धावत आला आणि आधी बायकोचा हात पाहिला. मी विचारलं, "सर, हे बारा शब्द काय प्रकरण आहे?"

"मला काही कल्पना नाही," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत एवढं नक्की कळलं होतं, की ज्याला खरंच कल्पना नसते तो उलट आपल्यालाच विचारतो, कसले शब्द? सरांनी विचारलं नाही. मी त्यांना ठाण्यात आणलं आणि बसवून ठेवलं.

माझा तर्क सरळ होता. सट्टा, एखादं लफडं किंवा कुणाला फसवलेलं असणार. त्या तर्काच्या नादात माझे दोन दिवस गेले. सर आमच्या बाकावर बसून होते आणि बाई दवाखान्यात एकटी होती. प्रत्येक प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, माहीत नाही. आमचे जुने हवालदार एकदा त्यांना म्हणाले, "सर, पाढे नाही विचारत आम्ही. फक्त शब्द विचारतोय. तेवढे तरी आपल्याला येत असतील?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागणार होती. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. मी ते सरांना जसं ऐकलं तसं सांगितलं. ते काही वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कात्री त्याच बोटांनी धरते ती." आणि मग ते बोलायला लागले.

गावाकडच्या शेतातला त्यांचा हिस्सा भावाने विकत घेतला होता. त्या पैशातून त्यांनी क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन घेतलं. मला यातलं तेव्हा काही कळत नव्हतं. त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. हे चलन स्वतःच्या ताब्यात ठेवायचं तर त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचा पैसा. सही लागत नाही, शिक्का लागत नाही, आणि एकदा गेलं की दाद मागायला कुठलं कार्यालयही नाही.

"बायकोला का सांगितलं नाहीत?"

"पूर्वी एका साखळी योजनेत आमचे पैसे बुडाले. तेव्हा तिला वचन दिलं होतं, पुन्हा असल्या भानगडीत पडणार नाही. बँकेचे सगळे मेसेज तिच्या मोबाईलवर येतात. म्हणून ठरवलं, बँकेत नोंदच नको. मला वाटलं साहेब, कुणालाच कळलं नाही म्हणजे सगळे सुरक्षित."

"मग विकत कसं घेतलंत?"

"रोख देऊन. बुधवार पेठेत जुन्या मोबाईलचं दुकान आहे, तिथला एक जण घेऊन देतो. हप्त्याहप्त्याने घेतलं."

"आणि त्याने तुमच्याकडून काय काय घेतलं?"

सरांनी एकेक सांगितलं. आधारची झेरॉक्स. पॅनची झेरॉक्स. आधारवर पत्ता गावाकडचा, म्हणून इथला भाडेकरार. आधार छातीशी धरून काढलेला फोटो. स्वतःचा नंबर, आणि फोन लागला नाही तर असावा म्हणून बायकोचं नाव आणि नंबर.

"एवढं सगळं का दिलंत?"

"तो म्हणाला, नियम आहे."

मी म्हणालो, "म्हणजे बँकेपासून लपवलंत, बायकोपासून लपवलंत आणि मोबाईलवाल्याला सगळी कुंडली दिलीत." हे वाक्य मला बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर मी सरांचा चेहरा पाहिला.

त्याच संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. तिथे जे झालं ते मला उपनिरीक्षकांनी सांगितलं. सर बायकोच्या पलंगाजवळ बसले, सगळं कबूल केलं आणि म्हणाले, "आता तुझ्यापासून काही लपवत नाही. ते शब्द तुला सांगतो." तिचा एक हात पट्टीत होता, तरी तिने डोकं उशीत खुपसून एक कान दाबला आणि दुसऱ्यावर डावा हात ठेवला. "नका सांगू," म्हणाली. "पुन्हा कुणी आलं तर मले खरंच माहीत नसलं पाहिजे." मग जरा वेळाने, शांतपणे विचारलं, "त्या दोघांना माहीत होतं. दुकानवाल्याला माहीत होतं. मलाच तेवढं का नव्हतं?"

बुधवार पेठेतलं दुकान बंद होतं. आजूबाजूच्यांना विचारलं तर पेठेतलं नेहमीचं उत्तर, "आम्ही आमचं दुकान बघतो." पण तिथेच फुटपाथवर इयरफोन विकणारा एक जण माझा जुना खबऱ्या होता. त्याने तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की कॉइनवाला मंडईच्या मागे मेव्हण्याच्या नारळाच्या दुकानात बसतो, पण पुढे नाही, आत पोत्यांच्या मागे. साध्या कपड्यातले दोन शिपाई नारळ घ्यायला गेले आणि त्याला घेऊन आले.

तिशीतला मुलगा. घाबरलेला होता, पण अपराधी वाटत नव्हता. मला म्हणाला, "सर, मी सगळं प्रॉपर करत होतो. आधार घेतल्याशिवाय एकाही कस्टमरला कॉइन दिले नाहीत. उद्या तुम्हीच विचारलं असतं ना, कोणाला विकले म्हणून?"

"मग ते कागद कोणाला दिलेस?"

"कागद नाही दिले."

"काय दिलंस?"

हवालदारांनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि बाईच्या हाताचा दवाखान्यातला फोटो ठेवला. मारहाण केली नाही, तशी गरजही पडली नाही. फोटो त्याने एकदाच पाहिला.

"लिस्ट दिली," तो म्हणाला. "नाव, नंबर, पत्ता, कितीचे घेतले ते. धंदा बसला होता सर. एक जण म्हणाला, कस्टमर डेटा दे, आम्ही फक्त मार्केटिंगचे कॉल करतो. आपल्याला सगळ्यांना येतात तसे. मला वाटलं, कॉलच येतील."

"कितीला विकलीस?"

त्याने आकडा सांगितला. त्या पैशात बऱ्या स्थितीतला एक जुना मोबाईल आला असता.

"एकालाच विकलीस?"

"तिघांना."

पहिल्या खरेदीदाराचा नंबर त्याच्याकडे होता. तो मार्केट यार्डात टेम्पो चालवणारा निघाला. कांद्याची पोती उतरवून घेत असतानाच आम्ही त्याला उचललं, त्याचा जोडीदार दुसऱ्या दिवशी हाती लागला. बाईने ओळख परेडमध्ये दोघांनाही ओळखलं. उरलेल्या दोन खरेदीदारांची फक्त खोटी टोपणनावं होती. सायबरवाल्यांनी प्रयत्न केले. ते दोघे कोण, कुठल्या देशात आहेत, आजतागायत कळलेलं नाही.

टेम्पोवाल्याच्या मोबाईलमध्ये ती यादी सापडली. तपासाच्या भाषेत हाच भक्कम पुरावा. वरिष्ठांनी अभिनंदनाचा फोन केला. मी यादी वाचत होतो. साठेक नावं. सरांच्या नावापुढे एक खूण होती. त्याच्या वरच्या आणखी दोन नावांपुढे तशीच खूण होती.

म्हणजे त्याआधी दोन घरांत हे होऊन गेलं होतं आणि कुठल्याही ठाण्यात तक्रार नव्हती.

पहिल्याने फोनवरच सांगितलं, आमच्याकडे काहीही झालेलं नाही, आणि फोन ठेवला. दुसरे पेठेतले एक निवृत्त गृहस्थ. मी स्वतः गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. कपाळाच्या बाजूला भरत आलेली जखम होती.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"पडलो."

"आपल्याला मारहाण झाली असं आम्हाला वाटतं. आरोपी सापडले आहेत. आपण फक्त जबाब द्या."

"जबाब देऊन काय होईल?"

"शिक्षा होईल."

"त्यांना होईल तेव्हा होईल," ते म्हणाले. "मला मात्र आधी होईल. उद्या आपण माझं नाव लिहाल, पत्ता लिहाल, किती होते ते लिहाल, आणि परवा ते पेपरला येईल. चहा ठेवत नाही, मंडळी आजारी आहेत." आणि दार लावून घेतलं.

मला राग आला होता. ठाण्यात परत येईपर्यंत मी त्यांना भेकड ठरवलंही होतं. टेबलावर त्या दिवशीचा पेपर पडला होता. आमच्याच बातमीत सरांच्या क्लासचा उल्लेख होता, राहत्या इमारतीचं नाव होतं आणि 'लाखोंची क्रिप्टो घरातच' असा मथळा होता. ही माहिती ठाण्यातूनच गेली होती. कोणी दिली ते मला आठवडाभरात कळलं, मी त्या शिपायाची बदली केली. पण त्याहून वाईट गोष्ट नियमाने झाली होती. फिर्यादीची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावी लागते. काही गुन्ह्यांत ती रोखता येते. या गुन्ह्यात ती रोखावी हे मला सुचलंच नाही. बाईचं नाव, वय, मजला, खोली क्रमांक, सगळं तिथे होतं, कोणालाही उतरवून घेता येईल असं.

यादीतल्या बाकीच्या लोकांना सावध करायचं काम मी उपनिरीक्षकांना दिलं. त्या चार दिवस फोन करत होत्या. बहुतेकांनी त्यांनाच ठग समजून फोन कापले. पोलीस असल्याचं सांगून लोकांना लुबाडणारे इतके झाले होते, की खऱ्या पोलिसावर विश्वास ठेवायचं लोकांना कारण उरलं नव्हतं. एका आयटीतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, माझा नंबर तुमच्याकडे कसा आला?" उपनिरीक्षकांनी खरं ते सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे आता तुमच्याकडेही ती लिस्ट आहे." उपनिरीक्षकांनी यादीतला पुढचा नंबर लावला.

बातमीनंतर सरांना फोन यायला लागले. कोणी गुंतवणुकीचा सल्ला द्यायचं, कोणी नुसता श्वासाचा आवाज ऐकवून फोन ठेवायचं. घरमालक माझ्याकडे आला. भला माणूस होता. खुर्चीच्या कडेवर बसला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "सायेब, मानसं चांगली हायती. पर माझ्या घरात लेकीसुना हायती. उद्या कुनी मजला चुकला तर?" मी त्याला समजावू शकलो असतो. काय सांगून समजावायचं, ते मात्र मला सुचेना.

त्यांनी घर बदललं. जाण्याआधी सर एकदा ठाण्यात आले. चलन विकून आलेल्या पैशातून शस्त्रक्रियेचा खर्च भागवला, उरलेलं बायकोच्या नावावर बँकेत ठेवलं, असं म्हणाले. मी म्हटलं, बरं केलंत, आता तुमच्याकडे काहीच नाही म्हटल्यावर धोका संपला.

"ते मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे," सर म्हणाले. "यादीत तसं कुठे लिहिलंय? यादीत मी कायमचा तेवढ्याचा मालक आहे." मग उठता उठता त्यांनी विचारलं, "ती यादी परत मिळवता येते का, साहेब?"

हातातली वस्तू चोरीला गेली तर आम्ही ती शोधतो, जप्त करतो, मूळ मालकाला देतो. आयुष्यभर तेच केलं. ही वस्तू जप्त होऊनही जिथल्या तिथेच होती. मी नकारार्थी मान हलवली. सर नमस्कार करून गेले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मला एक लहान गोष्ट सांगावीशी वाटते. आरोपी सापडल्यानंतरच्या आठवड्यात ठाण्यात भजी मागवली होती. पुडी सोडल्यावर तेलकट कागदावर एका तरुण मुलीचा फोटो दिसला. भाडेकरू नोंदणीचा अर्ज होता तो, आमच्याच ठाण्याचा शिक्का असलेला. जुने गठ्ठे रद्दीत गेले होते. खालच्या खोलीत जाऊन पाहिलं तर तसे कागद छतापर्यंत होते, अर्धे उंदरांनी खाल्लेले. इतकी वर्षं प्रत्येकाकडून आधारची झेरॉक्स मागताना मी कधी विचार केला नव्हता, की काम झाल्यावर तिचं होतं काय. मी कॉइनवाल्या मुलावर ओरडलो होतो. आम्ही दोघं एकच काम करत होतो. फरक इतकाच, की त्याने कागदाचे पैसे घेतले आणि आम्ही ते फुकट वाटले.

ओळखीचे लोक आता विचारतात, क्रिप्टो घ्यायचं तर काय काळजी घ्यावी? मी सांगतो. मध्यस्थाला रोख देऊन घेऊ नका, नोंदणी असलेल्या ठिकाणीच घ्या. आधारचे आकडे झाकलेली प्रत द्या, तिच्यावर कशासाठी आणि कुणाला दिली ते आडवं लिहा. किती घेतलं ते चारचौघांत बोलू नका, पण घरात सांगा. लोक लिहून घेतात. सांगताना माझा आवाज ठाम असतो. आतून मला ठाऊक असतं, की यातलं सगळं पाळूनही कुठल्या तरी टेबलावरून कुणी तरी कागद उचलून देऊ शकतं.

खटला अजून चालू आहे. निवृत्तीनंतर तपास अधिकारी म्हणून साक्षीसाठी मला बोलावलं, त्याच दिवशी बाईचीही साक्ष होती. टेम्पोवाला जामिनावर सुटला होता, वकिलाच्या मागच्या बाकावर बसला होता. बाई पिंजऱ्यात उभी राहिली. उजवा हात पदरात होता. सरकारी वकिलांनी नाव विचारलं, तिने सांगितलं. वय सांगितलं. व्यवसाय विचारल्यावर म्हणाली, "शिवणकाम. आता नाही."

"राहणार?"

वकिलांनी पुन्हा विचारलं. तिने आरोपीकडे पाहिलं, मग न्यायाधीश महाराजांकडे. न्यायाधीश समजूतदार होते. त्यांनी हात वर करून वकिलांना थांबवलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "बाईंना पत्ता बोलायला लावू नका. तो दोषारोपपत्रात आहेच."

बाईने सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांना डाव्या हाताने नमस्कार केला. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. कायद्याप्रमाणे दोषारोपपत्राची एक प्रत आरोपीला द्यावी लागते. ती त्याच्या मांडीवर होती. साक्षीदारांची यादी तिसऱ्या पानावर, त्यात तिचा नवा पत्ता, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही.